वीतभर पाण्याचा हिशेब

२६ जुलै २००५ ला किती पाऊस पडला, हे मुंबईकराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं: ९४४ मिलिमीटर. सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत नोंदलेला हा आकडा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला १०० मिलिमीटरसुद्धा पाऊस झाला नव्हता.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. या हिशेबानं ९४४ मिलिमीटर पाऊस फक्त १०० चौरस किलोमीटरवर पडला असं धरलं, तरी पाणी होतं ९,४४० कोटी लिटर. मुंबई महापालिका सगळ्या शहराला रोज पुरवते ते पाणी साधारण ३८५ कोटी लिटर. म्हणजे अख्ख्या शहराला चोवीस दिवस पुरेल एवढं पाणी त्या दिवशी नुसतं उपनगरांवर कोसळलं, आणि त्यातलंही बरंचसं दुपारनंतरच्या काही तासांत.

एवढ्या अवाढव्य आकड्यांचा एक तोटा असतो. त्यांच्यापुढे लहान आकडे किरकोळ वाटू लागतात. ९४४ च्या आठवणी सांगणारा माणूस समोरच्या गुडघाभर पाण्याकडे बघून म्हणतो, ‘हे काय, आरामात जाईल गाडी.’ पण गाडी वाहून जायला, इंजिन फुटायला किंवा दार आतून उघडेनासं व्हायला कोटी लिटर लागत नाहीत. ते हिशेब सेंटिमीटर, मिलिलिटर आणि सेकंदांचे आहेत. त्यातला फसवा भाग असा, की पाण्याचं मोजमाप आपल्या अंदाजासारखं सरळ वाढत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. खोली दुप्पट झाली की दारावरचा भार चौपट होतो. आपण मनातल्या मनात दुपटीचा अंदाज बांधतो आणि पाणी चौपटीनं वसूल करतं.

पंधरा मिनिटांचा सबवे

पहिला हिशेब सबवेचा, कारण शहरात गाड्या सगळ्यात जास्त अडकतात त्या तिथेच. रेल्वेखालचा एक साधा सबवे घ्या: ६० मीटर लांब, ८ मीटर रुंद. आजूबाजूच्या फक्त एक हेक्टर भागाचं, म्हणजे अडीच एकरांचं पाणी उतारानं त्यात येतं असं धरा. सगळीकडे डांबर आणि काँक्रीट, त्यामुळे जमिनीत काही मुरत नाही. तासाला ५० मिलिमीटर या वेगानं पाऊस लागला, तर त्या सबवेत तासाभरात येणारं पाणी ५ लाख लिटर. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. गटारं तुडुंब भरलेली असतील आणि पाणी कुठूनच बाहेर पडत नसेल, तर तासाभरात सबवेत सरासरी एक मीटर पाणी. सबवेला दोन्ही बाजूंनी उतार असतो, त्यामुळे ऐन मधोमध त्याहूनही जास्त.

आता हाच हिशेब पंधरा मिनिटांचा करा. सव्वा लाख लिटर, सरासरी २६ सेंटिमीटर. वीत म्हणजे नऊ इंच, साधारण २३ सेंटिमीटर. म्हणजे पाव तासात पाणी वीतभराहून जास्त चढलं. ‘आत्ताच तर रिक्षा गेली इथून’ या वाक्याला मुसळधार पावसात काही किंमत नसते, ती यामुळे. रिक्षा ज्या पाण्यातून गेली ते पाणी वेगळं होतं.

तासाला ५० मिलिमीटर हा आकडा उगाच घेतलेला नाही. मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती, तीही समुद्राला ओहोटी असताना. नव्या आराखड्यात ही क्षमता ५० वर नेण्याचं ठरलं. २६ जुलैच्या दुपारी मात्र एका तासात साधारण १९० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच सुमाराला समुद्राला जवळपास साडेचार मीटरची भरती होती. चीनमधल्या झंगजौ शहरात २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला. तिथला जिंगग्वांग रस्त्यावरचा भुयारी मार्ग वाहनांसह भरून गेला. दोनशेहून अधिक गाड्या आत होत्या आणि सहा माणसं दगावली.

पंपांचे आकडे ऐकले की धीर येतो. मुंबईत समुद्राकाठच्या उपसा केंद्रांवर असे पंप आहेत की एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी फेकतो. आपल्या सबवेतलं ५ लाख लिटर पाणी असा एक पंप दीड मिनिटाच्या आत उपसेल. अडचण एवढीच की पंप समुद्राच्या तोंडाशी आहे आणि पाणी सबवेत. मधल्या तुंबलेल्या गटारातून ते पंपापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल.

आणि कधीकधी पाणी पावसाचं नसतंच. १५ जुलै २०२३ ला दक्षिण कोरियातल्या ओसोंगजवळ नदीचा बांध फुटला आणि शेजारच्या भुयारी मार्गात काही मिनिटांत सुमारे ६ कोटी लिटर पाणी शिरलं. चौदा जण गेले.

एका सेंटिमीटरला ५४ किलो

गाडी लोखंडाची, माणूस हाडामांसाचा. म्हणून पाण्यात माणूस वाहून जाईल, गाडी कशी जाईल, असं वाटतं. पण गाडी म्हणजे लोखंडाचा पोकळ डबा. आपल्याकडच्या एखाद्या लहान हॅचबॅकचं वजन साधारण ८५० किलो, त्यात दोन माणसं बसली की ९८० धरा. गाडीचा तळ रस्त्यापासून साधारण १७ सेंटिमीटर उंच. तळाचं क्षेत्रफळ, लांबी ३.६ मीटर आणि रुंदी १.५ मीटर धरून, ५.४ चौरस मीटर.

पाणी तळाला लागेपर्यंत गाडीला फरक पडत नाही. त्यानंतर चढणारा प्रत्येक सेंटिमीटर ५४ लिटर पाणी बाजूला सारतो आणि तेवढंच, म्हणजे ५४ किलो, वजन टायरांवरून उचलतो. आठ सेंटिमीटर चढलं की ४३२ किलो गेले. अठरा सेंटिमीटर चढलं की ९७२ किलो, म्हणजे रस्त्यापासून ३५ सेंटिमीटर पाण्यात ही गाडी कागदावर तरंगायला लागते. प्रत्यक्षात बंपर वळलेले असतात, चाकांच्या कमानींत पाणी भरतं, दारांच्या फटींतून ते आत झिरपतं, म्हणून तरंगायला याहून जास्त खोली लागते. पण तरंगायच्या कितीतरी आधी टायरांची पकड गेलेली असते. स्टिअरिंग फिरतं, गाडी फिरत नाही. इंजिन पुढे असल्यानं पुढचा भाग जड राहतो आणि मागची बाजू आधी उचलली जाते.

कागदावरचं गणित खऱ्या गाड्यांवर करून बघितलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जलसंशोधन प्रयोगशाळेनं टाकीत पूर्ण आकाराच्या गाड्या उभ्या करून पाणी सोडलं. सुमारे एक टन वजनाची टोयोटा यारिस १५ सेंटिमीटर खोल आणि ताशी ३.६ किलोमीटर वेगानं वाहणाऱ्या पाण्यात जागेवरून सरकली. ६० सेंटिमीटरला ती पूर्ण तरंगली. मग अडीच टनांची निसान पेट्रोल ही दणकट फोर व्हील ड्राइव्ह गाडी उतरवली. तीही तेवढ्याच वेगाच्या ४५ सेंटिमीटर पाण्यात अस्थिर झाली आणि ९५ सेंटिमीटरला अशी तरंगली, की एका बोटानं ढकलता येत होती. अडीच टन, एक बोट.

शोरूममध्ये एसयूव्ही दाखवताना ‘वॉटर वेडिंग’ची क्षमता आवर्जून सांगतात. महिंद्रा थारची ६५० मिलिमीटर, लँड रोव्हर डिफेंडरची ९००. आकडे खोटे नाहीत, पण ते संथ पाण्यासाठी आणि टणक, ठाऊक असलेल्या तळासाठी आहेत. ओढ्याला आलेल्या लोंढ्याशी त्यांचा संबंध नाही. विजेवरच्या गाडीचंही तेच. बॅटरीला असलेलं ‘आयपी ६७’ मानांकन सांगतं की ती एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाणार नाही. बॅटरी कोरडी राहील. पण वरची गाडी वाहून जाणार नाही, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. उलट खालून सपाट आणि बंद तळ असल्यानं तिला तरंगायला बरंच.

माणसाच्या चालीचं पाणी

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. माडाची झाडं मुळापासून पडली, छपरं उडाली. आता एक तुलना करून बघा. पाणी हवेपेक्षा सुमारे ८३० पट जड आहे. त्यामुळे तेवढाच रेटा द्यायला पाण्याला वाऱ्याच्या जवळजवळ एकोणतिसाव्या हिश्शाचा वेग पुरतो. ११५ ला २९ नं भागा. उत्तर येतं ताशी ४ किलोमीटर. माणूस रमतगमत चालतो तेवढा वेग.

म्हणजे फरशी पुलावरून माणसाच्या चालीनं वाहणारं पाणी गाडीच्या कडेवर जो दाब टाकतं, तो निसर्ग वादळाच्या वाऱ्याएवढा असतो. पाणी धावण्याच्या वेगाला, ताशी ८ किलोमीटरला पोचलं, तर तो दाब चौपट होतो. तेवढ्या दाबासाठी वारा ताशी २३० किलोमीटरनं वाहावा लागेल. आकड्यांतच हवं असेल तर: सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ५१ किलोचा दाब देतं, दोन मीटर वेगाचं २०४, तीन मीटर वेगाचं ४५९. आणि हा रेटा बसतो तो टायरांवरचं निम्मं वजन आधीच उचललं गेलेल्या गाडीला.

फरशी पुलांवर गाड्या जातात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच: खोली दिसते, वेग दिसत नाही. गढूळ पाणी वरून गुळगुळीत वाटतं. पुलाच्या वरच्या अंगाला पाणी फुगलेलं आणि खालच्या अंगाला खळखळणारं असेल, तर मधला वेग मोठा आहे हे समजावं. काडी टाकून ती किती वेगानं जाते तेही बघता येतं. काडी तुमच्या चालीएवढ्या वेगानं निघाली, तर निसर्ग वादळ समोर आहे.

तळाबद्दलची खात्री हाही एक जुगार. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी आणि एक गाडी अंधारात थेट नदीत गेल्या. चालकांचा काय दोष? समोर रस्ता आहे हे त्यांनी गृहीत धरलं, आपण सगळेच धरतो तसं. तुंबलेल्या पाण्याखाली मात्र हे गृहीत धरायला जागा नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. त्या दिवशी एक नामवंत डॉक्टर पाण्यात अडकलेली गाडी सोडून चालत घरी निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये गेले. मृतदेह दोन दिवसांनी वरळीला सापडला. म्हणून चालत जाऊन खोली बघायची, तर हातात काठी हवी आणि पाणी वाहतं नको. वाहत्या पाण्यात १५ सेंटिमीटरलाही धडधाकट माणसाचा पाय सुटू शकतो.

उलट बाजू: पाणी उभं, गाडी धावती

वेगाचा वर्ग दोन्हीकडून लागू होतो. पाणी थांबलेलं आणि गाडी धावती असेल, तरीही. द्रुतगती मार्गावर नुसतं पाच मिलिमीटर पाणी साचलंय असं समजा. १७५ मिलिमीटर रुंदीचा टायर ताशी ८० किलोमीटरनं त्यातून जातो, तेव्हा त्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे १९ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. नव्या टायरच्या खाचा साधारण आठ मिलिमीटर खोल असतात, कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर. खाचा झिजल्या की एवढ्या पाण्याला जायला वाटच उरत नाही. ते टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो.

हे किती वेगाला होतं, याचं सूत्र नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवरून काढलं. ते टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर चालतं. ३३ पीएसआय हवेला उत्तर येतं ताशी ९६ किलोमीटर. हवा २५ वर आली असेल, तर ८३. म्हणजे कित्येक महिने हवा भरायचा कंटाळा केला, तर सुरक्षित वेगातले १३ किलोमीटर गेले. गाडी अशी तरंगली तर ब्रेक मारून काही होत नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा.

२७ मिलिलिटर

आता इंजिनात शिरू. चार सिलिंडरचं १२०० सीसी पेट्रोल इंजिन म्हणजे एका सिलिंडरला ३०० सीसी. पिस्टन वर येताना ही सगळी हवा दाबतो. दाबाचं प्रमाण बाराला एक असेल, तर पिस्टन अगदी वर पोचल्यावर डोक्यावर शिल्लक राहणारी जागा फक्त २७ मिलिलिटर. तेराशे सीसीच्या आतल्या डिझेल इंजिनात दाब जास्त असतो, तिथे ही जागा १९ मिलिलिटरपर्यंत येते. चहाचे चार चमचे.

हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. पाण्याचं आकारमान नुसतं एक टक्का कमी करायचं तरी वातावरणाच्या सुमारे २२० पट दाब लागतो. पेट्रोल इंजिनात इंधन पेटल्यावर जो सर्वांत मोठा दाब तयार होतो, तो याच्या निम्माही नसतो. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर पिस्टनला खालून वर यायला लागतात सेकंदाचे पंधरा हजारांश. तेवढ्या वेळात त्या जागेत चार-पाच चमचे जास्तीचं पाणी आडवं आलं, की पिस्टन भिंतीवर आदळल्यासारखा थांबतो. मागून उरलेले तीन सिलिंडर क्रँक फिरवतच असतात. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

एवढं पाणी आत जायला वेळ लागत नाही, कारण इंजिन म्हणजे मुळात हवा ओढायचा पंप. हेच १२०० सीसीचं इंजिन २,००० फेऱ्यांना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मिनिटाला जवळपास १,२०० लिटर हवा खेचतं. ही हवा जिथून येते ते तोंड बहुतेक लहान गाड्यांत बोनेटच्या पुढच्या कडेला, दिव्यांच्या आसपास असतं. पाणी तिथपर्यंत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण गाडी जोरात घातली की बंपरपुढे लाट उठते आणि पाण्याची पातळी नाकाशी वर चढते. समोरून बस आली तर तिची लाट वेगळी.

म्हणूनच जुने चालक सांगतात: पहिला गिअर, हाफ क्लच नाही, एकसारखा आवाज, माणसाच्या चालीनं. समोरची गाडी पूर्ण बाहेर पडेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. मध्ये थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही, अॅक्सिलरेटर सोडायचा नाही. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जायचं, म्हणजे ओले पॅड सुकतात.

आणि गाडी पाण्यात बंद पडलीच, तर सेल्फ मारायचा नाही. हे एक वाक्य पाळलं तर लाखाच्या घरातला खर्च वाचू शकतो. पावसाळ्यात गॅरेजमध्ये उभं राहून बघा. टो करून आणलेली गाडी येते, मेकॅनिक चावीला हातही लावत नाही. आधी डिपस्टिक ओढतो. ऑइल दुधाळ, पांढरट झालं असेल तर मान हलवतो. मग एअर फिल्टरचं झाकण उघडतो. आतला कागद ओला लागला की समजायचं पाणी पुढे गेलंय. मग स्पार्क प्लग काढतो आणि पाना लावून क्रँक हातानं फिरवतो. प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडते. रॉड सरळ असेल तर इंजिन वाचलं. पण मालकानं आधी पाण्यातच चार वेळा सेल्फ मारून बघितलेला असेल, तर हातानं फिरवताना पाना एका जागी अडतो आणि मग इंजिन खाली उतरवण्यावाचून इलाज नसतो. साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान बहुतेक वेळा धरलं जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

दारावरचे ५०० किलो

गाडी गेली तर गेली, माणसं बाहेर पडली पाहिजेत. इथला हिशेब सगळ्यात कमी लोकांना माहीत असतो. एक मीटर रुंदीच्या दारावर, दाराच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर पाणी चढलं, तर बाहेरून बसणारा भार १२५ किलो. एक मीटर चढलं, तर ५००. खोली दुप्पट, भार चौपट. दार बिजागरीवर फिरतं, म्हणून हँडलच्या बाजूनं ढकलताना निम्मा जोर पुरतो; पण सीटवर बसून, कोपरानं अडीचशे किलो ढकलणारा माणूस कुठून आणायचा?

मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी माणसांसकट गाड्या पाण्यात बुडवून या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, खोल पाण्यात गेलेली गाडी साधारण अर्धा मिनिट ते दोन मिनिटं तरंगते आणि त्यातलं पहिलं मिनिटच कामाचं. त्या मिनिटात करायच्या गोष्टींचा क्रम ठरलेला: सीट बेल्ट काढा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा, मग स्वतः निघा. दार उघडायच्या मागे लागू नका. दार उघडलंच तर पाणी एकदम आत येतं आणि गाडी झटक्यात बुडते. फोनही करू नका. ‘अडकलोय’ एवढं सांगण्यातच मिनिट संपतं.

पॉवर विंडो पाण्यात लगेच बंद पडतात हा समज तितकासा खरा नाही. सुरुवातीला त्या बहुधा चालतात. पण पाणी काचेपर्यंत चढलं की दाबानं काच चौकटीत रुतते. मग फोडायची पाळी येते. तिथे आणखी एक आकडा आडवा येतो. अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१९ मध्ये काच फोडायची सहा अवजारं तपासली. साधी टेम्पर्ड काच चार अवजारांनी फुटली. दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच एकाही अवजारानं फुटली नाही. आणि तिथल्या २०१८ च्या मॉडेलांपैकी साधारण एक तृतीयांश गाड्यांना बाजूच्या काचा लॅमिनेटेड होत्या. आपल्या गाडीची काच कोणती, ते काचेच्या खालच्या कोपऱ्यात छापलेलं असतं. आजच बघून ठेवा. टेम्पर्ड असेल तर मारायचं ते कोपऱ्यात, मधोमध नाही.

२६ जुलैला आणि २९ ऑगस्टला मुंबईत काही माणसं बुडून नाही, तर काचा लावून बसलेल्या बंद गाडीत गुदमरून गेली. बाहेर पाऊस, आत एसी, ‘पाणी उतरेल’ ही आशा. २ जुलै २०१९ ला मालाडच्या सबवेत एका एसयूव्हीत दोघांचा जीव गेला. पाणी चाकाच्या वर चढतंय आणि गाडी हलत नाही, असं झालं की थांबून वाट बघण्यात शहाणपण नाही. तेव्हाच, दार अजून उघडतं तोवर, उतरून उंच जागेकडे जायचं.

तुमच्या गाडीची इशारा पातळी

कोल्हापुरात शाळकरी पोरालाही राजाराम बंधाऱ्याचे दोन आकडे पाठ असतात: ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पंचगंगा ३९ ला टेकली की नदीकाठची माणसं सामान माळ्यावर चढवतात, जनावरं हलवतात. ४३ ची वाट बघत बसत नाहीत. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. ट्रकांच्या रांगा उभ्या राहिल्या, पण त्या रांगेतला चालक जिवंत घरी गेला. आकडा आधी ठरलेला असला की ऐन वेळी हुशारी दाखवायला जागा उरत नाही.

गाडीचेही असे दोन आकडे काढता येतात, पंधरा मिनिटांत, कोरड्या दिवशी, टेप घेऊन. पहिला, गाडीच्या तळाची रस्त्यापासून उंची. लहान गाडीत ती १६-१७ सेंटिमीटर निघेल. ही इशारा पातळी: इथून पुढे प्रत्येक सेंटिमीटर टायरांवरचं वजन कमी करत जातो. दुसरा, चाकाच्या मध्याची उंची. १४ इंची चाकाची साधारण ३१ सेंटिमीटर. ही धोका पातळी. दोन्हींमधलं अंतर १४ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. पुढे उभ्या असलेल्या गाडीच्या चाकावरून, फूटपाथच्या कडेवरून किंवा दुभाजकावरून पाणी किती आहे ते ताडता येतं. फूटपाथची कड साधारण १५ सेंटिमीटर असते. ती दिसेनाशी झाली की तुम्ही इशारा पातळीच्या उंबऱ्यावर आहात.

पाणी वाहतं असेल, तर दोन्ही आकडे रद्द. तिथे फूटपाथच्या कडेएवढं पाणीही पुरे.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या म्हणण्यानुसार तिथे पुरात बुडून मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी गाडी पाण्यात घातलेली असते. स्पेनच्या व्हॅलेन्सिया भागात ऑक्टोबर २०२४ च्या पुरात एक लाखाहून अधिक गाड्यांचं नुकसान झालं, दोनशेवीसहून जास्त माणसं गेली आणि त्यांतल्या अनेकांना मरण गाठलं ते रस्त्यावर गाडीत किंवा तळघरातली गाडी काढायला गेल्यावर. एवढ्या मोठ्या आकड्यांमागे प्रत्येक ठिकाणी एक लहान निर्णय होता, आणि तो घेणारा माणूस घाईत होता. घाईचं गणित शेवटी मांडून बघा. वळसा घालून जायला अर्धा तास, फार तर तास लागेल. पाऊस थांबेपर्यंत चहाच्या टपरीवर उभं राहिलात तर दोन तास. वाकलेला रॉड बदलायला आठवडे. तेव्हा पाण्यापुढे गाडी थांबवून तीनच प्रश्न विचारायचे: पाणी वाहतंय का? तळ दिसत नाही का? समोरच्या चाकाचा मध्य बुडलाय का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर रिव्हर्स टाकायचा. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्यावेत.